निपाणी-बेळगावात इमिग्रेशनचा वकील कुठं मिळेल? (अक्काचा २००६ चा अर्ज आता वर आलाय)

निपाणीचा दुकानदार

नमस्कार मंडळी. विषय लांबडा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उपयोग नाही.

माझी थोरली अक्का न्यू जर्सीत असते. तिकडचं नागरिकत्व मिळाल्यावर २००६ साली तिनं माझ्यासाठी भावाचा अर्ज घातला, तो आय-१३०. मंजुरीचं पत्र २०१० ला आलं आणि मग घरात सगळे तो अर्ज विसरूनच गेलो. बाबा म्हणायचे, एक वेळ सीमाप्रश्न सुटेल पण तुझा नंबर लागायचा नाही. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलाय, अर्ज त्याच्यानंतरचा, आणि नंबर आमचा आधी लागला बघा. २०२५ मध्ये आमच्या अर्जाची तारीख तिकडच्या व्हिसाच्या तक्त्यात आली, म्हणजे नंबर लागला. नॅशनल व्हिसा सेंटरचा ईमेल अक्काला आलाय, फी भरा आणि कागद चढवा म्हणून.

घरात मी, बायको आणि मुलगा. मुलगी लग्न होऊन गडहिंग्लजला दिलीय, ती यात बसत नाही हे कळलंय. घोळ मुलाचा आहे. त्याचा जन्म २००३ चा. बेळगावात एका एजंटाकडं गेलो होतो. काचेचं दार, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे, एसी फुल्ल. त्यानं पाचच मिनिटांत सांगितलं, "मुलगा २१ च्या वर गेला, त्याचं नाव कटलं. त्याला स्टुडंट व्हिसावर पाठवू, पॅकेज करून देतो." पॅकेजचा आकडा काही लाखांत आहे. तिघांचे पासपोर्ट ठेवून घेतलेत, "प्रोसेसला लागतात" म्हणून.

आमच्या गल्लीतल्या वकिलांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, मी वाटणीचे दावे चालवणारा माणूस, मला अमेरिकेतलं काय विचारता?

तेव्हा विचारायचं असं की बेळगाव-कोल्हापूर भागात इमिग्रेशनचा खरा वकील कोण आहे? का पुण्या-मुंबईला जावं? खरा की खोटा हे ओळखायचं कसं? आणि कागदांचाही घोळ आहे: माझी जन्मनोंद नाही, बायकोचं माहेर कागल तालुक्यात, म्हणजे तिचे कागद महाराष्ट्राचे.

बेळगाव कॅम्प

पुण्याला जावा सरळ. इथं काय नाही. इथं पासपोर्टचा फोटो धड काढून मिळाला तरी नशीब.

निवृत्त शिरस्तेदार

दुकानदार, उद्या सकाळी पहिली एस्टी धरा आणि ते पासपोर्ट घेऊन या. फॉर्म भरायला पासपोर्टची झेरॉक्स पुरते. बाकीचं मग वाचा.

माझी सगळी नोकरी कोर्टात गेली, त्यामुळं वकील लोक जवळनं बघितलेत. धाकट्या भावाची फाइल याच रांगेतनं, एफ-४ मधनं, गेली. कागदांचा गठ्ठा माझ्याकडंच होता.

तुम्ही "बेळगावात वकील कुठं" असं विचारूलालाय, पण वकील बेळगावातला असायचं कारण काय? इथल्या वकिलाची सनद कर्नाटक राज्य बार कौन्सिलची. त्याला वाटणी, कूळकायदा, चेक बाउन्स तोंडपाठ. अमेरिकेचा कायदा त्यानं कधी हातात धरलेला नसतो, आणि तुमच्या गल्लीतल्या वकिलांनी ते हसत का होईना, कबूल केलं. मला तर तो माणूस भला वाटला. पुण्याला गेलात तरी मोठ्या ऑफिसात बहुतेक कन्सल्टंटच भेटणार. आणखी एक गोष्ट: वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ आडवा येतो. त्यामुळं ज्याच्या दारावर झेंडे आणि "शंभर टक्के व्हिसा" लिहिलंय तो वकील नाही, हे पायरी चढायच्या आधीच समजायला हरकत नाही.

तुमचं काम दोन भागांचं आहे. भारतातले कागद, म्हणजे जन्म, लग्न, नावातला फरक, अॅफिडेव्हिट, हे निपाणी-चिकोडीचा साधा वकील करेल, आणि स्वस्तात करेल. अमेरिकेच्या कायद्याचा प्रश्न तिथल्या वकिलाला विचारायचा. तिकडं हा कायदा केंद्राचा आहे, राज्याराज्याचा वेगळा नाही. त्यामुळं न्यू जर्सीचा, टेक्सासचा, कुठल्याही राज्याची सनद असलेला वकील चालतो. व्हिडिओवर बोलायचं. आपल्या संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीत सकाळचे नऊ किंवा दहा वाजलेले असतात, म्हणजे तुम्हाला दुकानही लवकर बंद करायला नको.

खरा-खोटा ओळखणं तिकडं उलट सोपं आहे. वकिलाला विचारायचं, सनद कुठल्या राज्याची, नंबर काय. मग त्या राज्याच्या बारच्या किंवा कोर्टाच्या साइटवर नाव घालायचं. सनद चालू आहे का, कधी शिक्षा झालीय का, ते तिथं फुकट दिसतं. अक्कानं घरी बसून दहा मिनिटांत बघण्यासारखं काम. नावं शोधायला अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशनची यादी चांगली, पण यादीत नाव आहे म्हणून सनद तपासायची राहू देऊ नका. वकील तुमची केस अधिकृतपणे घेतो तेव्हा जी-२८ नावाच्या फॉर्मवर स्वतःची सही करतो. जो "माझं नाव कुठं नको, मी मागनं बघतो" म्हणतो, त्याला मागंच राहू द्या.

आता मुलाचं. एजंटानं सांगितलं ते अर्धवट आहे. तिकडं मुलांचं वय धरायचा एक कायदा २००२ पासून आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट. त्याचा हिशेब असा: तुमचा व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचं मुलाचं वय घ्यायचं. अक्काचा अर्ज त्यांना मिळाल्यापासून मंजूर होईपर्यंत जितके दिवस पडून होता, तितके दिवस त्यातनं वजा करायचे. तुम्ही दिलेल्या सालांवरनं मुलगा २२ च्या आसपास, आणि अर्ज चार-एक वर्षं पडून होता. वजा केल्यावर किती उरतं बघा! २१ च्या बरंच खाली. म्हणजे नाव कटलेलं नाही असं दिसतंय. नक्की उत्तर तारखांवरनं वकिलानंच द्यायचं.

दोन अटी मात्र कडक आहेत. व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत मुलाच्या बाजूनं पाऊल उचललं पाहिजे, म्हणजे त्याचा डीएस-२६०, व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, भरून ठेवायचा. तुमची तारीख २०२५ मध्येच आलीय, तेव्हा पंचांग बघत बसू नका. आणि तिकडं पाऊल टाकेपर्यंत त्याचं लग्न व्हायला नको. एखाद्या मावशीनं स्थळ आणलं असेल तर मावशीला चहा पाजून परत पाठवा.

तो स्टुडंट व्हिसा म्हणजे तर आगीतनं फुफाट्यात. विद्यार्थ्यानं "मी शिकून परत येणार" हे पटवून द्यायचं असतं, आणि याच्या घरच्यांचा कायम राहायला जायचा अर्ज तिथंच पडलेला. फॉर्मवर तसा प्रश्नच असतो. असले एजंट तिथं "नाही" लिहून टाकतात, आणि खोटं पकडलं की पोराला जन्मभराची बंदी लागू शकते.

भावाच्या वेळी आम्ही दोघा-तिघा वकिलांशी बोललो होतो. एक जण गोड. "काळजी करू नका, होऊन जाईल" हेच तीनदा. त्याला टाळला. तिकडच्या कुठल्याही वकिलाच्या हातात व्हिसा नसतो, तो मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी देणार. दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फीचा विषय काढायच्या आधी मंजुरीच्या पत्राचा फोटो मागितला. मग कॅमेऱ्यासमोर पिवळी वही उघडून तारखा लिहून घेतल्या: अर्ज मिळाल्याची, मंजुरीची, पुतण्याच्या जन्माची. पेनानं वजाबाकी केली आणि वही आमच्याकडं फिरवून दाखवली. फी नंतर सांगितली, ठरावीक रकमेची, लेखी करारासकट: यात काय येतं, मुलाखतीत काही अडलं तर उत्तर द्यायचं काम यात धरलंय की वेगळं. आम्ही त्यांनाच काम दिलं.

एवढं विचाराच: तुमचा अशील कोण, अक्का की मी की दोघं? आणि माझ्याशी तुम्ही बोलणार की तुमचा असिस्टंट? सरकारी फी वेगळी असते. भावाच्या वेळी माणशी ३२५ डॉलर आणि अर्ज घालणाऱ्याच्या हमीपत्राच्या तपासणीचे एकदा १२० डॉलर भरले होते. तुम्ही भरायच्या आधी साइटवर चालू दर बघा. ते सरकारच्याच साइटवर भरायचे. एजंटानं आकडा यापेक्षा फुगवला की समजून घ्या.

चिकोडीचा, सध्या कॅनडात

शिरस्तेदार काकांनी भारी लिहिलंय, पण थोडा विरोध नोंदवतो. या टप्प्यावर पूर्ण केस वकिलाला द्यायलाच हवी असं नाही. व्हिसा सेंटरचे फॉर्म आपले आपण भरता येतात, सूचना तिथंच लिहिलेल्या असतात. मुलाच्या वयाच्या प्रश्नापुरता एक तास वकिलाचा विकत घ्या, सल्ला लेखी मागा, आणि बाकीचं अक्का आणि मुलगा मिळून करतील. २२ वर्षांच्या पोराला ऑनलाइन फॉर्म भरता येत नसेल तर अमेरिकेत जाऊन काय करणार?

ज्यांना कॅनडाचं विचारायचंय त्यांच्यासाठी: इथं पैसे घेऊन काम करायची परवानगी वकील, प्रांताच्या लॉ सोसायटीचे पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी आणि लायसन्सवाले कन्सल्टंट यांनाच आहे. कन्सल्टंटांचं रजिस्टर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेच्या साइटवर सगळ्यांना खुलं आहे. माझ्या वेळी चिकोडीतल्या एकानं "मी कॅनडाचा ऑथराइज्ड" म्हणून बोर्ड लावला होता. रजिस्टरमध्ये त्याचं नाव नव्हतं, विचारल्यावर म्हणाला आमचे सर टोरांटोत आहेत. सरांचं नाव काय? ते गोपनीय!

खानापूरवाली

आमच्याकडं वेगळाच धंदा. लोंढ्यापासून पणजीपर्यंत पोर्तुगालचे एजंट. माझ्या सासऱ्यांचा जन्म गोव्यात, १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणून दिरांनी लिस्बनला जन्मनोंद करायचं घेतलं. एजंट कागद गोळा करण्यात हुशार होता, त्यात वाद नाही. पण पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, पासपोर्ट परत करावा लागतो, हे त्यानं अवाक्षरानं सांगितलं नाही. आम्हाला ते कळलं बेळगावच्या एका साध्या वकिलाकडनं, जे नेहमी जमिनीचे दावे बघतात. त्यांनी नागरिकत्व कायद्याचं कलम ९ काढून समोर ठेवलं.

दुकानदार दादा, नावांचं आत्ताच बघून घ्या. आमच्या नणंदेचं नाव सविता. शाळेचा दाखला मराठी, पासपोर्टवर इंग्रजीत शेवटी नुसता टी. जन्माचा दाखला आपल्या कचेरीतनं काढला तर कॉम्प्युटरवर बसलेल्या बाईंनी कानडी पद्धतीनं टी-एच लावून दिलं. चूक त्यांच्या लेखी नाहीच, कानडीत तसंच लिहितात. पण परदेशी साहेबाला ती दोन माणसं वाटणार. दाखला छापायच्या आधी स्क्रीन फिरवून दाखवा म्हणायचं. मारुती, ज्योती, दत्तात्रय, सगळ्यांना हेच.

निपाणीचा दुकानदार

सगळ्यांचे आभार. पासपोर्ट आणले. एजंट म्हणाला "फाइल ओपन झालीय, चार्ज लागेल." मी म्हटलं पावती द्या, कशाचा चार्ज ते लिहून द्या. मग म्हणाला, राहू द्या.

मंजुरीचं पत्र अक्काकडं सापडलं. अर्ज मिळाल्याची आणि मंजुरीची तारीख दोन्ही मिळाल्या, फरक चार वर्षांच्या वर निघतोय. मुलगा काल रात्रीपासून कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय. घरात आता एकच भांडण, लग्न आधी की अमेरिका आधी. आईनं एक मुलगी बघून ठेवली होती संकेश्वरची.

दोन शंका. दाजी म्हणतात त्यांच्या महाराष्ट्र मंडळात एक मराठी वकील आहेत, त्यांनाच देऊ. द्यावं का? आणि माझ्या जन्माचं काय करायचं? जन्म १९६८ चा, गावी, घरात झालेला. शाळा सोडल्याचा दाखला आहे, मराठीतला, त्यावर तारीख आहे.

निवृत्त शिरस्तेदार

मराठी वकील चांगलंच, आईला पण दोन शब्द विचारता येतील. पण सनद त्यांचीही तपासा, आणि विचारा की रोजचं काम कुठलं. मंडळातला माणूस घरांच्या खरेदीची कागदपत्रं करणारा असला आणि दाजींच्या ओळखीखातर केस घेतली, तर पुढं त्याला ओरडताही येत नाही. ओळखीच्या माणसाला फी द्यायला आणि प्रश्न विचारायला दोन्ही वेळा जीभ अडखळते. चिकोडीच्या पोराचं एक तासाचं म्हणणं मला पटतं, पण तुमच्या केसमध्ये दोन राज्यांचे कागद आणि वयाचा प्रश्न एकत्र आलाय. मी असतो तर मुलाखत होईपर्यंत वकील धरला असता.

जन्माचं. नोंदणीचा आताचा कायदा १९६९ चा, तुमचा जन्म त्याच्या आधीचा. आधी चिकोडीच्या जुन्या नोंदवह्यांत शोध घ्यायला लावा, निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यातच होती. कधी कधी गावच्या पानावर "मुलगा" एवढंच लिहिलेलं सापडतं, बापाचं नाव आणि तारीख असते, तेवढंही मोलाचं. नाहीच सापडलं तर नोंद नसल्याचा दाखला लेखी घ्या. तो दाखला, शाळेचा दाखला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची अॅफिडेव्हिट, असं जोडून अमेरिकेच्या वकिलातीला चालतं.

दुसरा रस्ता उशिरा नोंद करून घेण्याचा. पूर्वी त्यासाठी फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करावा लागायचा, माझ्या टेबलावरनंच असले अर्ज जायचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्ती झाली आणि ते काम महसुलाच्या अधिकाऱ्यांकडं गेलं. करा, पण तिकडच्या वकिलाला विचारून करा. पंचावन्न-साठ वर्षांनी काढलेला कोरा करकरीत दाखला एकटा बघितला की साहेब आणखी पुरावे मागतो, त्यामुळं शाळेचा दाखला तरीही लागणारच. आणि तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळलीच पाहिजे.

तुमच्या केसचा कणा एकच: तुम्ही आणि अक्का सख्खी भावंडं. दोघांच्या कागदांवर आई-बापाची नावं सारखी दिसली पाहिजेत. आईचं नाव माहेरचं कुठं, सासरचं कुठं, हाक मारायचं कुठं, ते आज रात्री बसून एका कागदावर लिहून काढा. फरक असेल तर आई आहेत तोवर त्यांचं अॅफिडेव्हिट करून ठेवा.

वहिनींचं कागलचं काम ग्रामपंचायतीतनं होईल. लग्नाची नोंद नसेल तर ती सब-रजिस्ट्रारकडं आताही होते. मराठी-कानडी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतर करणाऱ्यानं "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे" असं लिहून सही करायची. हे काम निपाणी हायस्कूलच्या एखाद्या निवृत्त मास्तरांनीही झकास होईल, मुलाला मात्र करायला लावू नका, घरचा माणूस नको.

आणि व्हिसा सेंटरचा केस नंबर, इन्व्हॉइस नंबर आणि ईमेल तुमच्याच ताब्यात ठेवा. ईमेल दुसऱ्याचा घातला की पत्रं त्याला जातात आणि तुम्ही त्याच्या दारात.

बेळगाव कॅम्प

पुण्याचं मी मागं घेतो.

निपाणीचा दुकानदार

शुक्रवारी संध्याकाळी एका वकीलबाईंशी बोलायचं ठरलंय, सनद अक्कानं तपासली. जुन्या नोंदीच्या शोधासाठी अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत) द्यायचा की थेट तालुक्याला?

निवृत्त शिरस्तेदार

थेट तालुक्याला, रेकॉर्ड विभागात. गावाचं नाव, साल, बापाचं नाव लिहा, आणि सालाच्या पुढं-मागं एकेक वर्ष बघा म्हणून अर्जातच लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोमवारी जाऊ नका, फार गर्दी असते.